डाव्या बाजूला बसलेले

लबीब तादरुस कवळ्या करीत असे. कैरोच्या शुब्रा भागात, एका गल्लीच्या तळमजल्यावर त्याची कामाची खोली होती. दंतवैद्यांनी पाठवलेल्या ठशांवरून मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यांत एकेक दात बसवायचा आणि ज्यांची तोंडे आपण कधी पाहिली नाहीत अशा माणसांच्या चावण्याची व हसण्याची सोय करायची, हा त्याचा व्यवसाय. वय चाळिशीच्या पुढे गेलेले. लग्न झाले नव्हते आणि आई वारल्यापासून घरात दुसरे कोणी नव्हते. तो सौम्य माणूस होता. हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे घडले ते एखाद्या दुष्टाच्या हातून घडले असते तर त्यात सांगण्यासारखे फारसे काही उरले नसते.

आठवड्यातले सहा दिवस तो जवळजवळ न बोलता काढी. बोलणे साठवून ठेवी ते शुक्रवारसाठी. शुक्रवारी सकाळी तो चर्चमधली प्रार्थना बुडवून हातेमच्या खोलीवर जाई. हातेम मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहत असे. वयाने लबीबपेक्षा बराच लहान, अंगाने सडसडीत, जिभेने धारदार. जुने लोकप्रिय सिनेमे लावून ते दोघे त्यांवर पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत समालोचन करीत आणि ते ध्वनिमुद्रित करून लोकांसाठी इंटरनेटवर ठेवीत. ऐकणाऱ्याने आपल्या घरी सिनेमा लावायचा, त्याचा आवाज लहान करायचा, आणि निर्मात्याचे बोधचिन्ह पडद्यावरून विरताना लबीब "आता" म्हणेल त्या क्षणी दोन्हींची गाठ घालायची. मग हे दोघे जणू शेजारच्या खुर्चीत येऊन बसत. कोणता नट त्या दिवशी तापाने फणफणला होता, भिंतीवरचे घड्याळ एका दृश्यात पुढे तर दुसऱ्यात मागे कसे, ते लबीब सांगे. त्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची टोपी हातेम उडवून देई. लोक लबीबमुळे येत आणि हातेममुळे थांबत, असे हातेम म्हणे. ते बरेचसे खरे होते, आणि लबीबला ते खुपत असे.

या कामाचे काही दंडक होते. मुद्रण एका दमात करायचे, मध्ये थांबायचे नाही, नंतर काही कापायचे नाही. कापले की पुढचा प्रत्येक शब्द भलत्याच चेहऱ्यावर जाऊन पडतो. खिडकी बंद, पंखा बंद, दाराला आतून कडी आणि कडीवर टेकवलेली गादी, म्हणजे रस्त्याचा कालवा आत येऊ नये. मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून जुम्म्याचे प्रवचन सुरू होण्याआधी सिनेमा संपला पाहिजे, म्हणून सकाळी बाकल्याची उसळ आणि तआमियाचे वडे पोटात पडले की लगेच बसायचे. सिनेमाचा आवाज मुद्रणात शिरला तर हक्कदार तक्रार करतात, म्हणून तो फक्त हेडफोनमधून ऐकायचा. दोघेही एक कान झाकून घेत, दुसरा एकमेकांसाठी उघडा ठेवीत.

'नवरदेव गच्चीवर' हा सिनेमा त्यांनी केव्हाच केला होता. तो न पाहिलेला माणूस इजिप्तमध्ये शोधून सापडणार नाही. दर ईदला तो कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर लागतोच. त्यात साखरपुड्याचा एक प्रसंग आहे. वधूपित्यावर भडकलेला नायक हात उगारतो, वधूपिता वाकतो, आणि मागून शर्बताचे तबक घेऊन येणाऱ्या मोलकरणीच्या कानशिलात चपराक बसते. पेले उडतात. नायकाच्या ओठांवर शिंतोडे येतात, तो ते चाटतो आणि म्हणतो, "शर्बत गार आहे!" चाळीस वर्षे झाली, या देशात कोणी कोणाच्या मानेवर थट्टेने चापट मारली की तेच वाक्य म्हणतो.

लबीबचे प्रेम मात्र त्या वाक्यावर नव्हते, मोलकरणीच्या चेहऱ्यावर होते. चपराक बसल्यावर ती रडत नाही, ओरडत नाही. हरवलेली वस्तू शोधावी तशी ती मान किंचित वळवून हवेत पाहत राहते. समालोचनात त्या जागी येताच तो हळवा झाला होता. "ह्याला म्हणतात अभिनय," तो म्हणाला होता. "नायकाचा विनोद उभा राहतो तो हिच्या या नजरेवर. श्रेयनामावलीत नाव नाही. कुणाला ठाऊक असेल तर कळवा. देशाला अशी नटी सापडली आणि देशानं ती हरवली."

"हरवली नसेल रे," हातेम म्हणाला होता. "अजून पेले गोळा करत असेल बिचारी."

ती एके दुपारी लबीबच्या कामाच्या खोलीत येऊन उभी राहिली. साठी उलटलेली, जाडसर, काळा झगा घातलेली बाई. लबीबने तिला प्रथम कवळीचे गिऱ्हाईक समजून दंतवैद्याकडे जायला सांगितले. ती हसली, आणि त्याच्या टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर बसली.

"इकडून बोल, बेटा. तो कान गेलेला आहे. उस्ताज लबीब तूच ना? तू विचारलं होतंस म्हणे, मी कोण ते. मी तहानी. तहानी मबरूक."

चेहरा सुजला होता, कातडी सैल पडली होती, पण नजर तीच होती. लबीब उठून उभा राहिला. हातातले मेण त्याने कुठे ठेवले ते त्याला नंतर सापडले नाही. त्याने चहा मागवला आणि ज्या प्रश्नावर त्याने इतकी वर्षे विचार केला होता तो विचारला: ती नजर तिला सुचली कशी?

"कुठली नजर?"

"चपराकीनंतरची. मान वळवून बघता ती."

तहानीने चहाचा पेला खाली ठेवला. "अरे, मला सांगितलं होतं की हात हवेत थांबणार. आवाज मागून भरतात ना, तसा. मग दिग्दर्शक त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजला. मला कुणी काही सांगितलं नाही. मी अभिनय केलाच नाही, बेटा. एकाएकी आवाज बंद झाला सगळा. कुठे गेला ते बघत होते."

 लबीबला त्या क्षणी जे वाटले ते दुःख नव्हते. आपल्या मालकीचे काहीतरी फुटल्यासारखे त्याला वाटले. जो चेहरा त्याने कला म्हणून जपला होता, जो दाखवून तो स्वतःला इतर प्रेक्षकांपेक्षा वरच्या पायरीवर ठेवीत आला होता, तो केवळ मार खाल्लेल्या एका मुलीचा चेहरा होता. हसणाऱ्या जनसमुदायाने तिला पाहिले नव्हते, आणि निरखून पाहणाऱ्या त्यानेही पाहिले नव्हते.

त्यानंतर तिला सिनेमात काम मिळाले नाही. डाव्या बाजूने दिलेल्या सूचना ऐकू येत नाहीत अशी बाई कोण घेणार? तिने उभा जन्म शुब्रा अल-खैमाच्या कापडगिरणीत काढला. तिथे मागांच्या आवाजात सगळ्याच बायका खुणांनी बोलत, त्यामुळे तिचे उणे कोणाच्या लक्षात आले नाही.

"मला काय पाहिजे ते सांगते," ती म्हणाली. "तुम्ही सिनेमाच्या अंगावरच बोलता ना? मग तो हात उठतो त्याच जागी मला बोलू दे. नावानिशी. मी नंतर कुणाला सांगायला गेले की लोक म्हणतात, अगंबाई, हो का? आणि लगेच 'शर्बत गार आहे' म्हणून खिदळतात. घरातसुद्धा. माझी सख्खी बहीण अवातिफ, तीसुद्धा. एकदा तरी ते हसायच्या आत मला सांगायचं आहे."

लबीबने तिला शब्द दिला. देताना तो मनापासून दिला.

मुद्रणाच्या शुक्रवारी तहानी नवा रुमाल बांधून आली. जिना चढून दमली होती, पण पाणी नको म्हणाली, मध्येच उठावे लागले तर पंचाईत म्हणून. हातेमने वाकून तिचा हात हाती घेतला आणि वडीलधाऱ्या बाईला आदराने म्हणतात तसे तिला 'हाग्गा' म्हटले.

"हाग्गा, आमची झोपडी उजळली! तुमच्या गालावर अख्खा देश वाढलाय."

"शंभर वर्षं जग, पोरा," ती संकोचून म्हणाली.

अडचण हेडफोनची आली. सिनेमाचा आवाज ऐकल्याशिवाय मला बोलता यायचे नाही, असे तिने आधीच सांगितले होते. तो तिने उजव्या, चांगल्या कानावर घेतला. डावा उघडा राहिला, पण त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे सिनेमा सुरू झाल्यावर तिला फक्त सिनेमा ऐकू येणार, शेजारच्यांचे बोलणे नाही. टेबल आणि विजेची जोडणी अशी होती की दोघांना तिच्या डाव्या बाजूलाच बसावे लागे. टेबल हलवता आले असते. लबीबच्या ते मनात आले, पण तेवढ्यात, त्याला नेहमी थट्टेने डॉक्टर म्हणणारा हातेम म्हणाला, "चल रे डॉक्टर, शेख प्रवचनाला मिंबरवर चढायच्या आत आटपू." लबीबने तिच्याशी खूण ठरवली: मी मनगट दाबले की बोलायचे, सोडले की थांबायचे.

लबीबने "आता" म्हटले. पहिला काही वेळ त्याने सभ्यपणे पाहुणीची ओळख करून दिली. हातेम तिच्याकडे तिरपे पाहत होता.

"हाग्गा," तो एकाएकी गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या रुमालाला आग लागलीय."

तहानी पडद्याकडे पाहून मंद हसत होती. तिथे नायकाची आई कोंबडीच्या मागे धावत होती.

हातेमचे डोळे विस्फारले. त्याने माइकमध्ये कुजबुजून सांगितले, "दोस्तहो, खुशखबर. आपली हाग्गा सध्या सेवेत नाही. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."

लबीबने हातानेच त्याला गप्प बसवले. पण बसवताना त्याला हसू आले होते, आणि ते हातेमने पाहिले. इतरांचा अपमान करण्यासाठी माणसाला धैर्य लागते असे आपण समजतो. पुष्कळदा एका साक्षीदाराचे हसू पुरते. तिथून पुढे हातेम सुटला. तिचे वजन, तिचा घोरल्यासारखा श्वास, तिने पडद्याला केलेला सलाम, काही काही सुटले नाही. ती शांतपणे समोर पाहत, मांडीवर हात ठेवून, आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

साखरपुड्याचे दृश्य आले. लबीबने तिचे मनगट दाबले. त्याच्या बोटांखाली तिची नाडी उडत होती.

"हा हात बघा," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसासारखा थोडा मोठा होता. "हा थांबायचा होता."

"ब्रेक लागले नाहीत," हातेम म्हणाला.

"मी तहानी मबरूक. इंबाबाची."

"घरपोच शर्बत मिळेल."

"ही मी. ही जी बघते आहे ती. लोकांना वाटतं मी काम केलं. काम नाही केलं. त्यानं खरंच मारलं, मला न सांगता. त्या दिवसापासून या कानात शिट्टी वाजते. अजून थांबली नाही."

ती श्वास घ्यायला थांबली. हातेमलाही त्या क्षणी काही सुचले नाही. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. जागा मोकळी पडली होती, आणि लबीब तिच्यात शिरला.

"जुन्या भाड्यानं राहतेय ती शिट्टी," तो म्हणाला. "आता कोर्टानं सांगूनही निघायची नाही."

ज्या शहरात आजोबाच्या काळचे भाडे देऊन नातू घर अडवून बसतात आणि घरमालक कोर्टात म्हातारे होतात, तिथे या वाक्याला स्पष्टीकरण लागत नाही. हातेमने टेबलावर डोके टेकले. त्याचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होते. लबीबला आजवर कोणी असे हसलेले नव्हते. त्याची बोटे अजून तिच्या मनगटावर होती. खूण मिळत राहिल्यामुळे ती बोलत राहिली, गिरणीबद्दल, रात्री कोणत्या कुशीवर झोपावे लागते त्याबद्दल, आणि सगळे सांगून झाल्यावर तिने आपण होऊन थांबून त्याच्याकडे पाहिले.

सिनेमा संपला तेव्हा तिने हेडफोन काढून कान चोळला. "नीट झालं ना, बेटा?"

"उत्तम झालं, हाग्गा."

"आणि हा का रे एवढा हसत होता?"

"सिनेमाला," लबीब म्हणाला.

"सिनेमा आहेच तसा," ती समजूतदारपणे म्हणाली.

ती गेल्यावर लबीब म्हणाला की हे असे बाहेर पडता कामा नये. हातेम पंख्याखाली उघडा बसला होता.

"मग माझा माइक बंद कर. तिघांचे आवाज वेगळे धरलेत, तुझ्या हातात आहे. मुका कर मला. पण डॉक्टर, मग तुझं 'जुनं भाडं' पण काढावं लागेल हं. ते माझं नव्हतं."

लबीब दोन दिवस ते मुद्रण ऐकत राहिला. कापायचे नाही हा दंडक त्याने स्वतःच घातला होता, असे तो स्वतःला सांगत होता. पण तो पुनःपुन्हा ऐकत होता ती एकच जागा. तिसऱ्या दिवशी त्याने मुद्रण जसेच्या तसे लोकांसमोर ठेवले.

त्यांचे कोणतेही काम इतके पसरले नव्हते. कॉफीहाउसांत सिनेमा लावून लोक ते ऐकू लागले. शेजारच्या सोनाराने दुखऱ्या गुडघ्याबद्दल सांगितले, "जुन्या भाड्यानं राहतंय." चर्चच्या पायरीवर तिथल्या एका सेवकाने लबीबला कोपराने ढोसले: "अरे, तू? आम्हांला वाटायचं तू मुका आहेस." लबीब खाली पाहून हसला. त्याला सुख वाटत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तहानीकडे साधा फोन होता. ती दर एक-दोन दिवसांनी विचारी, "कधी येतोस ऐकवायला? सिनेमा आणि बोलणं जुळवायचं तूच. मी अवातिफला सांगून ठेवलंय. शेजारणी येणार आहेत."

लबीबने कवळ्यांची गर्दी सांगितली, मग ताप सांगितला. शेवटी त्याने एक वेगळी प्रत केली. तिच्यात हातेमचा आणि स्वतःचा आवाज त्याने पूर्णपणे बंद केला. उरली एकटी तहानी. ही दया होती की अपराध झाकण्याचे कौशल्य, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

एका रविवारी संध्याकाळी तो इंबाबाला तहानीच्या घरी गेला. खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. अवातिफ कोचावर मधोमध होती. तिचा जावई रशाद, ज्याचे कोपऱ्यावर कॉफीहाउस होते, तो दाराशी टेकून उभा होता. तहानीने रव्याचा गोड बस्बूसा केला होता. लबीबला तिने आपल्या उजवीकडे बसवले आणि सगळ्यांना सांगितले, "हा उस्ताज. यानंच शोधून काढलं मला."

त्याने सिनेमा आणि प्रत जुळवून लावली. बराच वेळ नुसता बारीक आवाजातला सिनेमा चालला. बायका चुळबुळल्या. मग साखरपुडा आला, हात उठला, आणि तहानीचा आवाज त्या खोलीत भरला: "हा थांबायचा होता." ती बोलत गेली. पडद्यावरची मुलगी हवेत काहीतरी शोधत राहिली. नायकाने ओठ चाटून आपले वाक्य म्हटले, पण कोणी त्याच्याबरोबर ते म्हटले नाही. कोणी हसले नाही.

"तू कधी सांगितलं नाहीस गं," अवातिफ हलकेच म्हणाली.

"सांगितलं होतं."

"हो, पण असं नाही..."

"असंच सांगितलं होतं, अवातिफ."

एका शेजारणीने डोळे पुसले. तहानी ताठ बसली होती. चाळीस वर्षे तिला जे हवे होते ते तिला मिळाले होते. ते टिकले फार थोडा वेळ, कारण रशाद दाराशी उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला केवळ नीटनेटकेपणाची सवय होती.

"पण उस्ताज, हे ते नव्हे," तो म्हणाला. "माझ्याकडे लावतात त्यात तुम्ही दोघंही बोलता. हे अर्धंच आहे."

"तो भाग वेगळा," लबीब म्हणाला. "तो... तांत्रिक आहे."

"तांत्रिक कसला, बाशा! लोक लोळतात हसून!"

"लाव की मग," तहानी म्हणाली. "यांचंही ऐकू द्या सगळ्यांना. फार हुशार बोलतात म्हणे हे दोघं."

लबीब उठला होता, पण रशादने फोन काढून नेमकी जागा शोधलीसुद्धा. कॉफीहाउसमध्ये ती रोज शोधावी लागत असावी. "मी तहानी मबरूक. इंबाबाची," फोन म्हणाला. "घरपोच शर्बत मिळेल." कोणीतरी फिसकन हसले आणि गप्प झाले. मग शिट्टीचे वाक्य आले, आणि त्यावर लबीबचे.

खोली हसली. ज्या बाईने डोळे पुसले होते ती हसली. अवातिफने रुमालाचे टोक तोंडात कोंबले, पण तिचे खांदे थरथरत होते, आणि ती मानेने "नाही, नाही" म्हणत हसतच होती. लबीबला लाज वाटली. पण लाजेच्या अगोदर, क्षणभरच का होईना, त्याला बरे वाटले होते.

तहानीने उजवा कान फोनकडे केला. रशादला तिने ते पहिल्यापासून लावायला सांगितले. रशादने चाचरत लावले. या वेळी सगळे गप्प होते. तिने सगळे ऐकले, रुमालाची आग ऐकली, श्वासाची थट्टा ऐकली. मग ती लबीबकडे वळली.

"हा तुझा आवाज?"

"हो, हाग्गा."

"माझा हात धरला होतास तेव्हाच?"

 तिने त्याच्या बशीत बस्बूस्याचा आणखी एक तुकडा वाढला. पाहुण्याची बशी रिकामी होती, आणि घर तिचे होते.

"पुन्हा करू," ती म्हणाली. "येत्या शुक्रवारी येते मी. हेडफोन नको. तुम्ही दोघं माझ्या या बाजूला बसा, उजव्या. मग म्हणा काय म्हणायचं ते. मला ऐकू येईल, मी उत्तर देईन. हसू देत लोक, पण माझं उत्तर ऐकून हसू देत."

"करू, हाग्गा," लबीब म्हणाला.

त्याने हातेमला सांगितले. हातेम एका फुटलेल्या फोनची काच काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"एकच सिनेमा तिसऱ्यांदा? आणि ऐकू येणारी हाग्गा? डॉक्टर, लोकांना ती ऐकू न येणारीच आवडते. शुक्रवारचा सिनेमा ठरलाय. तू तिला फोन करून सांग."

"तू सांग."

"शब्द कुणी दिलाय?"

लबीब बुधवारी फोन करणार होता, मग गुरुवारी. दोन्ही दिवशी तिचाही फोन आला नाही, यावरून तिने बहुधा नाद सोडला असावा असा निष्कर्ष त्याने काढला. सोयीचा निष्कर्ष काढायला त्याला फारसा वेळ लागला नाही.

शुक्रवारी दाराला कडी घातली गेली, गादी टेकवली गेली. एक वेगळाच सिनेमा सुरू झाला, नाइलवरच्या बोटीत घडणारा. नायिका डेकवर आली आणि लबीब तिच्या पोशाखाविषयी सांगू लागला, तेव्हा जिन्यावर पावले वाजली. ती जड होती आणि प्रत्येक पायरीवर थांबत होती. मग दारावर बोटांनी टकटक झाली.

हातेमने भुवया उंचावल्या. लबीब बोलत राहिला. पुन्हा टकटक झाली, या वेळी पंजाने.

"उस्ताज लबीब! मी आले आहे."

उठून गादी बाजूला करायला वेळ लागला नसता. सिनेमाचा मोठा भाग शिल्लक होता आणि आज केलेले सगळे वाया गेले असते, एवढेच. लबीबचा उघडा कान दाराच्या बाजूला होता. त्याने तो हाताने झाकला नाही, आणि तो उठलाही नाही. बाहेर ती श्वास घेत असल्याचे ऐकू येत होते. माइकलाही ते येत असावे.

"शर्बत आलं वाटतं," हातेम म्हणाला.

दार परत वाजले. मग काही वेळ काहीच वाजले नाही, आणि हातेम लबीबकडे पाहत वाट पाहू लागला. त्याने जागा मोकळी ठेवली होती. लबीब माइकजवळ झुकला.

"दोस्तहो, दार वाजतंय ते सिनेमातलं नाही," तो म्हणाला. "तुमचंही नाही. उठू नका."

हातेमने डोके टेबलावर टेकले. पावले जिना उतरू लागली, तशीच, प्रत्येक पायरीवर थांबत. लबीबने नायिकेच्या पोशाखाचे राहिलेले सांगून पुरे केले.